खात्यातले पैसे मध्येच कमी झाले, आता रिटायरमेंट व्हिसाचं काय?

चियांग माईहून एका ताईंचं पत्र आलंय, थोडक्यात असं:

"ताई नमस्कार, मी ६१ वर्षांची, हे ७० चे. तीन वर्षं झाली आम्ही इथे थायलंडला राहतोय. रिटायरमेंटचा व्हिसा यांच्या नावावर आणि मी डिपेंडंट. आजवर दोन्ही वेळा एजंटनेच रिन्यू करून दिला, आम्ही फक्त सह्या केल्या. सप्टेंबरमध्ये यांची अँजिओप्लास्टी झाली, बिल भरायला व्हिसासाठी ठेवलेल्या पैशातूनच काढावे लागले आणि खात्यात ३ लाख १० हजार बाथ उरले. मुदत २८ मार्चला संपतेय. एजंट म्हणतो यावेळी दुप्पट फी द्या, खात्यात पैसे नसले तरी चालेल, मी बघतो. मुलगा म्हणतो एजंट नको, मी पैसे पाठवतो. मला रात्र रात्र झोप नाही. दोघांचे मिळून १६ लाख लागतात का? नाही म्हणाले तर पोलीस पकडतील का? आणि मे महिन्यात पुतण्याच्या लग्नाला भारतात जायचंय, ते जमेल ना?"

ताई, भाऊजी घरी आलेत, चालताफिरताहेत, हे आधी मनात घट्ट धरा. त्या वेळी तुम्ही ते पैसे काढले नसते तर कुठले काढणार होतात? योग्यच केलंत. आता त्याचा जो त्रास आहे तो कागदाचा आहे आणि कागदाचा त्रास निस्तरता येतो, फक्त तुमच्याकडे वेळ जितका वाटतोय तितका नाहीये म्हणून मी सगळ्यात आधी तारखांचं बोलते.

मुदत २८ मार्चला संपतेय म्हणजे अजून अडीच-पावणेतीन महिने आहेत असं वाटतं. पण नियम असा आहे की मुदतवाढीचा अर्ज करायच्या दिवसाच्या आधी पूर्ण २ महिने ८ लाख बाथ खात्यात पडून असले पाहिजेत. म्हणजे अगदी शेवटच्या दिवशी अर्ज करायचा म्हटलं तरी पैसे २८ जानेवारीच्या आत यायला हवेत, आणि शेवटच्या दिवशी जायचंच नाहीये, शनिवार रविवार आणि सरकारी सुट्ट्यांना इमिग्रेशनचं ऑफिस बंद असतं, एखादा कागद कमी पडला तर परत जायला दिवस नको का? म्हणून १८ ते २० मार्चच्या सुमारास जायचं धरा आणि त्यासाठी पैसे १५ जानेवारीच्या आत खात्यात पोचलेले हवेत. पोचलेले म्हणतेय, पाठवलेले नाही. परदेशातून येणाऱ्या पैशाला मध्ये चार-पाच दिवस सहज जातात, आणि मधली बँक आपले पैसे कापून घेते म्हणून मुलाला सांगा की बरोब्बर ८ लाखाला जुळवून पाठवू नकोस, वर दहा-पंधरा हजार जास्तच येऊ देत. ७ लाख ९९ हजार ८०० दिसले ना तर ते ८ लाख नाहीत, तिथे कोणी हसून सोडून देत नाही. पैसे आले की बँकेची पावती जपून ठेवा.

पण थांबा, पैसे कुणाच्या खात्यात मागवायचे हे ठरवायच्या आधी एक गोष्ट विचारून घ्यायचीय, तिच्याकडे मी येतेच.

आधी १६ लाखांची काळजी काढून टाका. तुम्ही डिपेंडंट आहात त्यामुळे तुमच्यासाठी वेगळे ८ लाख लागत नाहीत, भाऊजींचे ८ लाख दोघांना पुरतात. तुमचा अर्ज त्यांच्या अर्जाला जोडून जातो, फी मात्र दोघांची वेगळी, प्रत्येकी १,९०० बाथ. खातं त्यांच्या एकट्याच्या नावावर असलेलं बरं, जॉइंट असेल तर काही ऑफिसात ते धरतच नाहीत, ते आत्ताच बघून घ्या.

आता खरी दुखरी जागा. १ मार्च २०१९ पासून नियम असा झालाय की मुदतवाढ मिळाल्यावर पुढचे ३ महिने ते ८ लाख तसेच राहिले पाहिजेत आणि त्यानंतर वर्षभर ४ लाखांच्या खाली जाता कामा नये. त्याच्या आधी लोक दोन-तीन महिने पैसे दाखवायचे आणि बाकी वर्ष ते वापरायचे, ते बंद झालं. तुमचे ३ लाख १० हजार झाले म्हणजे ९० हजारांनी रेष ओलांडली गेली. हे मी तुम्हाला गोड करून सांगणार नाही, नियम मोडलाय, आणि अधिकाऱ्याने त्यावर बोट ठेवून नाही म्हटलं तर ते त्याच्या अधिकारात आहे. काही ऑफिसात शेवटचे दोन-तीन महिने बघतात, काही ठिकाणी १२ महिन्यांचं स्टेटमेंट मागतात आणि ओळ न् ओळ बघतात, आणि हे दर वर्षी तसंच राहील असंही नाही. दिसणार नाही या आशेवर जाऊ नका. ते दिसेल असं समजूनच तयारी करा.

मी तुमच्या जागी असते तर याच आठवड्यात नुसतं विचारायला गेले असते. अर्ज द्यायला नाही. चियांग माईचं ऑफिस विमानतळाजवळ आहे, तुम्हाला माहितीच आहे, सकाळी ऑफिस उघडायच्या आधी पोचा, चौकशीच्या टेबलवर पासबुक, हॉस्पिटलचं बिल, डिस्चार्जचा कागद आणि बिल भरल्याची पावती ठेवा. थाई बोलणारं कोणी ओळखीचं असेल, शेजारीण असेल, घरमालकीण असेल तर तिला बरोबर न्या. आणि सरळ सांगा की नवऱ्याच्या हृदयाचं ऑपरेशन झालं, त्यासाठी काढले, आता पैसे परत भरतोय, मार्चमध्ये अर्ज केला तर घ्याल का. हॉस्पिटलच्या कागदावर थाईमध्ये लिहिलेलं असेल तर ते वाचून त्यांना कळतं. पैसे जुगारात गेले की दवाखान्यात गेले यातला फरक कुठल्याही देशातल्या माणसाला कळतो, पण तो त्याला आधी सांगावा लागतो. त्यानेच स्टेटमेंटमध्ये ते शोधून काढलं आणि मग आपण ऑपरेशनचं सांगितलं तर तेच खरं कारण सबबीसारखं वाटायला लागतं.

त्याच फेरीत दुसरा प्रश्न विचारा, मघाशी म्हटलं तो. रिटायरमेंटसाठी वयाची अट ५० ची आहे आणि तुम्ही ६१ च्या आहात. म्हणजे तुम्ही स्वतः मुख्य अर्जदार होऊन भाऊजींना डिपेंडंट करता येतं का हे विचारा. जमत असेल तर नियम मोडलेलं खातं त्यांचं आहे, तुमचं नाही. पण मग ८ लाख तुमच्या एकटीच्या नावाच्या खात्यात हवेत आणि तेही तेच २ महिने. म्हणूनच म्हणतेय की हे उत्तर मिळेपर्यंत मुलाला पैसे पाठवायचं बटन दाबू देऊ नका, आणि उत्तर मात्र दोन-तीन दिवसात आणा. तुमच्या नावाचं थाई खातं नसेल तर हा मार्ग घाईत जमणं अवघड आहे, मग भाऊजींच्याच खात्यात मागवा आणि मोकळ्या व्हा.

आणि समजा दोन्हीला नाही म्हणाले, तरी जग बुडत नाही ताई. अर्ज नाकारला तर साधारण ७ दिवसांत देश सोडायला सांगतात, फी परत मिळत नाही, एवढंच. पोलीस पकडत नाहीत, काळ्या यादीत नाव जात नाही. पकडतात ते मुदत संपून गेल्यावर तसेच राहणाऱ्यांना. त्याचा दंड दिवसाला ५०० बाथ, जास्तीत जास्त २०,००० पर्यंत, आणि ९० दिवसांपेक्षा जास्त राहून स्वतःहून निघालात तरी १ वर्ष परत येता येत नाही, पकडले गेलात तर थोड्या दिवसांच्या ओव्हरस्टेलाही ५ वर्षं. म्हणून काहीही झालं तरी २८ मार्चनंतर एकही दिवस नाही, हे दोघांनी मनाशी पक्कं करा. आधीच स्पष्ट नकार आला तर मुदतीच्या आत बाहेर पडायचं, भारतातून ऑनलाइन नवीन नॉन इमिग्रंट ओ व्हिसा (सुरुवातीला ९० दिवसांचा मिळतो तो) काढायचा, ९० दिवसांवर परत यायचं आणि त्या ९० दिवसांच्या शेवटच्या महिन्यात पुन्हा एक वर्षाच्या मुदतवाढीचा अर्ज करायचा. तो नवीन हिशोब धरला जातो, जुन्या वर्षाचा नाही. कटकट आहे, तिकिटांचा खर्च आहे, पण रस्ता आहे.

आता त्या एजंटचं. एजंट म्हणजे वाईट असं मी म्हणत नाही, फॉर्म भरून देणारे, नंबर लावणारे, थाई बोलून देणारे चांगले लोक आहेत आणि भाऊजींच्या तब्येतीत तशी मदत घेतलीत तर त्यात काही गैर नाही. पण "खात्यात पैसे नसले तरी चालेल" म्हणणारा माणूस काय करतो ते समजून घ्या. तो कुठूनतरी उसने पैसे खात्यात दाखवतो नाहीतर खोटा कागद लावतो, कधीकधी पासपोर्ट भलत्याच प्रांतात नेऊन शिक्का मारून आणतो. शिक्का दिसायला खरा असतो, त्याच्या मागचे कागद खोटे असतात आणि त्या खोट्या कागदांवर सही भाऊजींची असते, एजंटची नाही. उद्या तपास लागला तर तो फोन बंद करून बसेल आणि ७० वर्षांच्या माणसाला, नुकतं ऑपरेशन झालेल्याला, टेबलासमोर उभं राहायला लागेल. मुलगा बरोबर बोलतोय. त्याचं ऐका.

पण एजंटशी भांडू नका, कारण तुमची फाइल त्याच्याकडे आहे. मागच्या दोन्ही वर्षी काय काय कागद दिले त्याच्या सगळ्या कॉपी मागून घ्या, विशेषतः तुमचं मॅरेज सर्टिफिकेट आणि त्याचं थाई भाषांतर शिक्क्यांसकट. डिपेंडंटसाठी सगळा डोलारा त्या एका कागदावर उभा असतो आणि आपल्या बायकांचा घोळ तिथेच होतो, सर्टिफिकेटवर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं. मागच्या वेळी त्यांनी ज्या कागदावर ते मान्य केलं तोच कागद यावेळीही घेऊन जा, नवीन प्रयोग नको. आणि पासपोर्ट उघडून मूळ व्हिसा बघा, त्यावर नुसता ओ आहे की ओ-ए (म्हणजे आपल्या देशातूनच एक वर्षाचा काढून आणतात तो रिटायरमेंट व्हिसा). तुम्ही फक्त सह्या केल्यात म्हणून विचारतेय. ओ असेल तर निश्चिंत राहा. ओ-ए असेल तर मुदतवाढीलाही हेल्थ इन्शुरन्स मागतात, २०२१ मध्ये तो ३० लाख बाथचा केला होता, आणि अँजिओप्लास्टीनंतर ७० व्या वर्षी तो मिळवणं किती कठीण हे वेगळं सांगायला नको. तसं असेल तर मात्र मला लगेच लिहा, मग ओ-ए सोडून साध्या ओ वर नव्याने येण्याचा विचार आधी करावा लागेल. पासपोर्ट कधी संपतोय तेही बघा, कारण मुदतवाढ पासपोर्टच्या तारखेच्या पुढे देत नाहीत, पासपोर्टला आठ महिने उरले असतील तर शिक्काही आठ महिन्यांचाच मिळतो आणि फी तेवढीच जाते.

बाकी कागद फार नाहीत. टीएम ७ हा मुख्य फॉर्म, दोघांचा वेगळा, त्यावर ४ बाय ६ सेंटीमीटरचा फोटो. पासपोर्टच्या फोटोचं पान, व्हिसा, शिक्के यांच्या झेरॉक्स, प्रत्येक पानावर निळ्या पेनाने सही. घराचा भाडेकरार, आणि टीएम ३० ची पावती, म्हणजे तुम्ही त्या घरात राहताय हे घरमालकाने कळवल्याचा कागद. तो नसेल तर बाकी सगळं असूनही परत पाठवतात, म्हणून घरमालकिणीला आजच विचारून ठेवा. काही ठिकाणी घराचा नकाशा आणि घरासमोर उभं राहून काढलेले फोटोही लागतात, चौकशीला जाल तेव्हा तिथली छापील यादी मागून घ्या, ऐकीव यादीवर जाऊ नका, माझ्यासुद्धा नाही.

बँकेचं थोडं सविस्तर सांगते कारण लोक अडकतात ते तिथेच. बँकेचं पत्र लागतं, खातं कुणाचं आणि शिल्लक किती हे सांगणारं, ते ज्या शाखेत खातं आहे तिथूनच घेतलेलं बरं आणि अर्जाच्या दिवशीचं किंवा फार तर आदल्या दिवशीचं असावं. पासबुकही त्याच दिवशीपर्यंत भरलेलं हवं. नुसतं मशीनमध्ये घातलं आणि नवीन व्यवहारच नसेल तर ते काही छापत नाही, म्हणून त्या दिवशी सकाळी खात्यात १०० बाथ भरायचे आणि मग छापून घ्यायचं, त्या तारखेची ओळ येते. (भरायचे हं, काढायचे नाहीत.) पासबुक कित्येक महिने भरलेलं नसेल तर बँक मधले सगळे व्यवहार एका ओळीत गुंडाळून टाकते आणि मग १२ महिन्यांचं स्टेटमेंट वेगळं मागावं लागतं, ते यायला काही दिवस लागतात, म्हणून ते मार्चच्या पहिल्या आठवड्यातच सांगून ठेवा. तुमच्या बाबतीत तर ते लागणारच असं धरा. आणि पासबुकावर तारखेत २५६८, २५६९ असं साल दिसलं तर गोंधळू नका, थाई साल आपल्या इंग्रजी सालापेक्षा ५४३ ने पुढे आहे.

नावाचंही बघा. माझ्या तिसऱ्या वर्षी बँकेतल्या मुलीने पत्रात माझं मधलं नावच गाळलं. आपलं नाव म्हणजे स्वतःचं, नवऱ्याचं आणि आडनाव, तिला वाटलं मधलं नाव कशाला. मी न वाचता पाकिटात घातलं, टेबलवर अधिकाऱ्याने पासपोर्ट आणि पत्र शेजारी ठेवलं आणि मान हलवली. परत बँकेत, परत रांगेत, सगळा दिवस गेला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहाटे उठून जावं लागलं. तेव्हापासून मी बँकेच्या काउंटरवरच उभं राहून अक्षर न् अक्षर पासपोर्टशी ताडून बघते, मागे माणसं थांबली तरी.

जायच्या दिवशी दोघांना जावं लागेल, तिथे फोटो काढतात. भाऊजींना हाफ पँट नको, पूर्ण पँट आणि कॉलरचा शर्ट, तुम्ही साडी नेसा नाहीतर ड्रेस घाला, नीटनेटकं असलं म्हणजे झालं. टेबलशी गेल्यावर हात जोडून "सवादी खा" म्हणा, भाऊजींनी "सवादी ख्रप". नंबरच्या खुर्च्यांवर बराच वेळ बसावं लागतं, बारा ते एक जेवणाची सुट्टी असते, म्हणून त्यांच्या गोळ्या, पाणी आणि खायचं काहीतरी बरोबर ठेवा. त्यांना बसवत नसेल तर टेबलवर तसं सांगा, ऑपरेशनचा कागद दाखवा. मला थाई ऑफिसात म्हाताऱ्या माणसाशी कोणी वाईट बोललेलं आजवर दिसलं नाही. आवाज मात्र चढवायचा नाही, काहीही झालं तरी.

लग्नाला नक्की जा. फक्त मुदतवाढीचा शिक्का मिळाला की त्याच ऑफिसात टीएम ८ भरून रीएंट्री परमिट घ्या, एकदाच जायचं असेल तर प्रत्येकी १,००० बाथ, वर्षभर कितीही वेळा हवं असेल तर ३,८००. हे घेतल्याशिवाय विमानात बसलात तर देशाबाहेर पाऊल पडताक्षणी सगळी मुदतवाढ रद्द होते, एवढी सगळी मेहनत वाया. जुन्या शिक्क्यावर घेतलेलं परमिट नव्याला चालत नाही, ते त्याच्याबरोबरच संपतं. आणि मार्चमध्ये शिक्का मिळाला की जून संपेपर्यंत ते ८ लाख हलवायचे नाहीयेत, म्हणजे लग्नाची तिकिटं, आहेर, काही म्हणजे काही त्या खात्यातून नको. त्या खात्याचं एटीएम कार्ड कपाटात ठेवून द्या आणि घरखर्चाला दुसरं खातं उघडा. पुन्हा दवाखान्याची वेळ आली तर हात त्या पैशाकडे जाऊ नये म्हणून मुलाशी आत्ताच बोलून तिसरीकडे थोडी रक्कम वेगळी ठेवा, तुमच्या वयात हे टाळून चालणार नाही.

९० दिवसांचा रिपोर्ट, म्हणजे आपण कुठे राहतो ते दर ९० दिवसांनी इमिग्रेशनला कळवायचं असतं तो, एजंट करत असेल तर तोही आता तुमच्याकडे आला. तारखेच्या १५ दिवस आधीपासून ७ दिवस नंतरपर्यंत करता येतो, ऑनलाइनही होतो, चुकला तर २,००० बाथ दंड. व्हिसाच्या मुदतीशी त्याचा संबंध नाही, पुष्कळ लोक पासपोर्टमधल्या त्या चिठ्ठीवरची तारीख हीच मुदत समजून बसतात. लग्नाहून परत याल तेव्हा ९० दिवस पहिल्यापासून मोजायचे, आणि टीएम ३० परत भरायचं का हेही त्या चौकशीच्या फेरीतच विचारून घ्या.

उद्या सकाळी पासबुक भरून घ्या आणि सप्टेंबरपासूनची पानं नीट बघा, ३ लाख १० हजार हा सगळ्यात कमी आकडा होता की त्याच्याही खाली कधी गेलं होतं. मग हॉस्पिटलचे कागद एका फाइलमध्ये घालून ऑफिसात जा. तिथे काय म्हणाले ते मला लगेच कळवा, म्हणजे मुलाला पैसे कुठल्या खात्यात पाठवायला सांगायचं ते त्याच दिवशी ठरवू.